शेजाऱ्याचा डोस तुमचा नव्हे

हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवून कोकणातल्या पिंगुळीसारख्या गावात परतलेल्या माणसाला वॉरफरिन किंवा असिनोकूमॅरॉल ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. ऑपरेशन गोव्यात बांबोळीला किंवा मुंबईला होतं, डोस डॉक्टर बसवून देतात. त्यानंतरचे सल्ले मात्र शेजारपाजारचे मिळतात. त्यातले काही जिवावर बेतू शकतात.

गैरसमज : या गोळीने रक्त पाण्यासारखं पातळ होतं.
वस्तुस्थिती : रक्ताचा दाटपणा तसाच राहतो. रक्त गोठवणारे काही घटक यकृत के जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करतं. गोळी त्या कामात अडथळा आणते, त्यामुळे गुठळी सहजी धरत नाही.

गैरसमज : ज्याचा डोस जास्त, त्याचा आजार मोठा.
वस्तुस्थिती : एकाच आजारात एकाला वॉरफरिन दिवसाला १ मिलिग्रॅम पुरतं, तर दुसऱ्याला १० लागतं. वय, आहार, इतर औषधं यांच्या जोडीला यात जनुकांचा मोठा वाटा आहे. सीवायपी२सी९ या जनुकापासून बनणारं विकर औषधाचा निचरा करतं. ते मंद असेल तर थोडा डोसही अंगात साठतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. औषध ज्या विकराला अडवतं, ते व्हीकेओआरसी१ या जनुकापासून बनतं. त्याचा कमी डोस लागणारा प्रकार चिनी-जपानी लोकांत सर्रास आढळतो, भारतीयांत बराच कमी. सख्ख्या भावांचे डोसही वेगळे असू शकतात.

गैरसमज : हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यावर देतात ती क्लोपिडोग्रेल गोळी सगळ्यांना सारखीच लागू पडते.
वस्तुस्थिती : ही गोळी गिळल्यावर यकृतात तिचं रूपांतर व्हावं लागतं, तेव्हाच ती काम करते. त्यासाठी लागणाऱ्या सीवायपी२सी१९ जनुकाची निदान एक निकामी प्रत दक्षिण आशियाई लोकांत निम्म्याच्या आसपास व्यक्तींमध्ये असते. दोन्ही प्रती निकामी असतील तर परिणाम फारच कमी होतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये याबद्दल ठळक इशारा दिला. अशा वेळी डॉक्टर टिकाग्रेलॉरसारखा पर्याय निवडू शकतात. मनाने गोळी बंद करणं मात्र घातक. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

गैरसमज : वॉरफरिनसाठी जनुकचाचणी केली की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासायला नको.
वस्तुस्थिती : २०१३ मध्ये वॉरफरिनवरच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. जनुक पाहून डोस दिल्याचा युरोपात फायदा दिसला, अमेरिकेत दिसला नाही. जनुकांवरून सुरुवातीच्या डोसचा अंदाज येतो. पुढचा डोस आयएनआरवरूनच ठरतो.

गैरसमज : पालेभाजी कायमची बंद.
वस्तुस्थिती : पावसाळ्यात टायकळा, अळू आणि गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी घरोघरी होते. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं. एरवी न खाणाऱ्याने एकदम रोज खायला घेतली तर आयएनआर उतरतो. खाणाऱ्याने एकदम सोडली तर चढतो. म्हणून खा, पण बारा महिने प्रमाण साधारण सारखं ठेवा.

गैरसमज : आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या सगळ्यांना चालतात.
वस्तुस्थिती : धातूची झडप असेल तर त्या चालत नाहीत, तिथे वॉरफरिन किंवा असिनोकूमॅरॉलच लागतं.

तारीख, डोस आणि आयएनआर एका वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला ती दाखवा. दात काढण्याआधी, दुखण्यावरची गोळी किंवा काढा घेण्याआधी विचारा. काळं शौच किंवा लाल लघवी झाली, घोळणा फुटून रक्त थांबेना किंवा डोक्याला मार लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठा.