जुन्या ट्रॅक्टरची तेलाची गाळणी

छत्रपती संभाजीनगर (पूर्वींचा औरंगाबाद) जिल्ह्यांत वीस-तीस वर्षें राबलेले ट्रॅक्टर व क्वचित् एखादी जुनी जीप पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं अद्याप चालू स्थितींत आहे. अशा गाड्यांचें तेल मालक वेळेवर बदलतात. परंतु तेलाची गाळणी, जिला बाजारांत ऑइल फिल्टर म्हणतात, ती मात्र मिळेल ती बसविली जाते. या निष्काळजीपणाचा भुर्दंड मला स्वतःस पडला असल्यामुळें हा विषय वाचकांपुढें मांडीत आहें.

इंजिनांतील शाफ्ट व बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा केसाहूनही पातळ असा थर असतो व त्यावरच शाफ्ट फिरतो. जळलेल्या डिझेलची काजळी, घासून निघालेला लोखंडाचा कीस आणि उन्हाळी नांगरटींत उडणारी काळ्या रानाची धूळ तेलांत मिसळली, कीं हा थर भंगतो व धातूवर धातू घासूं लागतो. ही घाण अडविणें हें गाळणीचें काम होय. आरंभींच्या मोटारींस गाळणी नव्हतीच. अर्नेस्ट स्वीटलंड या अमेरिकन संशोधकानें ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत प्रचारांत आणली.

मुंबईंत ज्या विलीज जीपगाड्यांची जोडणी होऊं लागली, त्यांच्या इंजिनाच्या बाजूस एक डबा असतो. त्यांतून एका वेळीं तेलाचा थोडाच भाग गाळला जातो. बाकीचें थेट बेअरिंगांकडे जातें. या मार्गावर मुद्दाम ठेवलेलें बारीक छिद्र असतें. कोणी मिस्त्री तें मोठें करूं लागला तर त्यास थांबवावें, कारण त्यानें तेलाचा दाब उतरतो. पुढील काळांतील इंजिनांत सर्व तेल गाळूनच पुढें जातें. मासी फर्ग्युसन ३५ च्या तीन सिलिंडरी पर्किन्स इंजिनास मध्यें बोल्ट असलेला डबा व आंत बदलावयाचा कागदी गाभा असे. अलीकडील यंत्रांस सबंध डबाच फिरवून बसवितात.

या फिरवून बसविण्याच्या डब्यांतच फसगत होते. दोन डबे रंगानें व उंचीनें जुळ्या भावांसारखे असतात, पण एकाचे आटे पाऊण इंच व्यासाचे, इंचास सोळा, तर दुसऱ्याचे २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे असतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. म्हणून २० मिलिमीटरचा डबा पाऊण इंची नळीवर चढतो, आवळल्यासारखाही वाटतो. परंतु आट्यांची पकड अर्धवटच असते. मला एका दुकानांत असाच डबा मिळाला. चार दिवस सर्व ठीक चाललें. पांचव्या दिवशीं हरभऱ्याची पेरणी चालू असतां डबा निसटला व तेल क्षणार्धांत रानांत सांडलें. दाबाचा काटा दुरुस्त करूं करूं म्हणतां राहूनच गेला होता, त्यामुळें मुलास कांहीं कळण्यापूर्वींच इंजिन धरलें. शाफ्ट घासून बेअरिंगें बसवीपर्यंत तीन आठवडे गेले, आणि राहिलेलें रान भाड्याच्या ट्रॅक्टरनें उशिरां पेरावें लागलें. पीक त्या मानानेंच आलें.

म्हणून जुना डबा दुकानीं घेऊन जावा, पण केवळ त्यावर विसंबूं नये. तोच चुकीचा असूं शकतो. इंजिनाच्या पुस्तिकेंतील क्रमांक पाहावा. आटे व रबरी कडीचा व्यास जुळले तरी आंतील झडपा पाहणें उरतें. थंडींत तेल घट्ट होतें किंवा गाळणी तुंबते, त्या वेळीं न गाळलेलें तेल पुढें सोडणारी एक झडप लागते. घाण तेल वाईट खरें, पण तेलच न मिळणें त्याहून वाईट. कांहीं इंजिनांत ही झडप बैठकींत असते, कांहींत डब्यांत. दुसऱ्या जातीच्या इंजिनास बिनझडपेचा डबा लावला, तर गाळणी तुंबतांच तेल अडतें. डबा आडवा बसत असेल, तर इंजिन बंद असतां तेल परत उतरूं न देणारी रबरी पडदीही हवी; नाहींतर रोज सकाळीं इंजिन कांहीं वेळ कोरडेंच खडखडतें.

बसवितांना इंजिन कोमट असावें. जुना डबा निघाला कीं त्याची रबरी कडी बैठकीस चिकटून तर राहिली नाहीं, हें बोटानें चाचपावें. जुन्या कडीवर नवी चढली, तर दाबाखालीं तेल फवाऱ्यासारखें उडतें. नव्या कडीस स्वच्छ तेल चोळावें. कडी टेकल्यावर हातानें साधारण पाऊण वळसा द्यावा, डब्यावर निराळें सांगितलें असल्यास तसें करावें. पान्यानें आवळूं नये. गाभ्याच्या प्रकारांत कडी खोबणींतून टोकदार काडीनें काढावी लागते, व गाभ्याखालील स्प्रिंग आणि वायसर पूर्वींच्याच क्रमानें ठेवावे लागतात. वायसर हरवला तर तेल गाभ्यास वळसा घालून जातें, आणि बाहेरून कांहींच कळत नाहीं. नंतर इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरून स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, दाबाचा काटा उठला कीं इंजिन सुरू करावें, गळती पाहावी, आणि बंद करून कांहीं वेळानें तेलाची पातळी पुन्हां मोजावी.

जुन्या ट्रॅक्टरचें तासमापक बहुधा बंदच असतें. मी डब्यावरच तारीख लिहितों व वहींत कामाचे तास मांडतों; कारकुनीची ही संवय येथें उपयोगी पडली. काढलेली गाळणी फेकण्यापूर्वीं कापून कागदाच्या घड्या उलगडाव्या व लोहचुंबक फिरवावें. चिकटला तो लोखंडाचा कीस. न चिकटणारे चकचकीत कण बहुधा बेअरिंगाचे असतात. ते दिसल्यास मिस्त्रीस त्याच आठवड्यांत बोलवावें.