सहा टिंबांची शाळा

पेन्शनीत निघालेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "फंड किती मिळाला?" आणि दुसरा, "आता वेळ कसा घालवता?" पहिल्याचे खरे उत्तर कोणी देत नाही आणि दुसऱ्याचे पुष्कळांना ठाऊकच नसते. सकाळचा फेरफटका, वर्तमानपत्र, मंडईतली भाजी, दुपारची वामकुक्षी आणि संध्याकाळी बागेतला बाक. एवढ्यात दिवस संपतो खरा, पण माणूस मात्र शिल्लक राहतो!

जिल्हा कोषागारात चौतीस वर्षे लोकांच्या पैशांचे हिशेब तपासून मी निवृत्त झालो, तेव्हा माझीही दिनचर्या अशीच बेतलेली होती. पुण्यात आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर अंध विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह आहे. कॉलेजात शिकणाऱ्या तिथल्या मुलांना क्रमिक पुस्तके वाचून दाखवायला माणसे हवी होती. एका स्नेह्यांनी ही गोष्ट कानावर घातली आणि मी आठवड्यातल्या तीन दुपारी देऊ केल्या. त्याला आता पाच वर्षे झाली. जमाखर्च मांडण्याची जुनी सवय आहे, म्हणून सांगतो: वाचकहो, या खात्यात मी भरले त्याहून उचलले अधिक.

माझ्या वाट्याला आलेला विद्यार्थी मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. जन्मांध. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय अर्थशास्त्र. पहिल्याच दिवशी त्याने मला कामाची पद्धत समजावून दिली.

"काका, गोष्ट सांगितल्यासारखा आवाज लावू नका. कंसातलं गाळू नका. तळटीप आली की 'तळटीप' म्हणा. आणि पान उलटलंत की आकडा सांगा, म्हणजे वर्गात सर पान सांगतात तेव्हा मला सापडतं."

मी वाचायचे आणि त्याने ते फोनवर मुद्रित करून घ्यायचे, असा क्रम ठरला. "तुम्ही सावकाश वाचा," तो म्हणाला, "वेग माझा मी वाढवतो. तुमचा एक तास मी अर्ध्या तासात ऐकतो!" कोषागारात माझ्या कामाच्या वेगाविषयी इतक्या सौजन्याने कोणी बोलल्याचे स्मरत नाही.

खरी परीक्षा आली ती मागणी-पुरवठ्याच्या धड्यात. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो,' असे पुस्तकात छापलेले. हाच वक्र काढून मी कधीकाळी बी. कॉम. झालो होतो. पण ज्याने आकृतीच पाहिली नाही, त्याला 'उतरतो' म्हणजे काय ते कसे सांगावे? त्या रात्री घरी पुठ्ठा, डिंक आणि सुतळी घेऊन बसलो. दोन अक्षांना जाड सुतळी, मागणीला बारीक दोरा, पुरवठ्याला लोकरीचा धागा आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे मुगाचा दाणा चिकटवला. सौभाग्यवतींनी विचारले, "बालवाडीत नाव घातलंत की काय?"

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या धाग्यांवरून बोट फिरवले, दाण्यापाशी थांबला आणि म्हणाला, "काका, सरकारचा हमीभाव या दाण्याच्या वर असला, तर दोन दोऱ्यांमध्ये फट राहते. मग त्या फटीतला माल कोण घेणार?"

त्याच्या घरी तूर पिकत होती. प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता, शेतातून आला होता. त्याचे नीट उत्तर देता यावे म्हणून मी चाळीस वर्षांनी अर्थशास्त्राचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले. परीक्षेपुरते पाठ केलेले शास्त्र मला समजले ते साठीनंतर.

पुढे ब्रेलचाही नाद लागला. फ्रान्समधल्या लुई ब्रेलने (१८०९–१८५२) ऐन पोरवयात ही लिपी रचली. सारी करामत सहा टिंबांची. ती निरनिराळ्या तऱ्हांनी उठवली की ६३ खुणा होतात. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ठरली, त्यामुळे मराठीतला 'क' आणि बंगालीतला 'क' बोटाला एकच लागतो. छापताना आपण 'कि'ची वेलांटी आधी मांडतो. ब्रेलमध्ये मात्र आधी 'क' आणि मग 'इ', अगदी तोंडातून निघते त्याच क्रमाने! पाटीवर कागद लावून मागून टोचायचे, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे. मग कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. साठ वर्षे जी भाषा बोललो, तिची घडण मला अशी उलटीकडून उमगली.

परीक्षेत त्याचा लेखनिक होण्याची मात्र माझी हौस राहून गेली. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक तेव्हा शिक्षणाने त्याच्याहून एक पायरी खालचा असावा लागत असे. पदवी नोकरीला उपयोगी पडली होती. आड आली ती प्रथमच!

आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय सदुसष्ट. यजमान गेल्यावर दोन वर्षे त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. शेजारणीने आग्रह करून त्यांना इथे आणले. आता त्या मुलांसाठी ब्रेलमध्ये टिपणे उतरवून देतात. मध्यंतरी डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निदान केले. औषधाने तो आवरता येतो, पण गेलेली नजर परत येत नाही. त्या दिवसापासून बाईंनी टिंबे डोळ्यांनी वाचणे कमी करून बोटांनी वाचायला घेतली आहेत. या वयात बोटांची जाण मंदावते, ओळ पुनःपुन्हा चाचपावी लागते. वसतिगृहातली एक मुलगी त्यांना रोज अर्धा तास शिकवते. "घाई करू नका, आजी," असे ती त्यांना बजावते, तेव्हा कोण कोणाची सेवा करते आहे हे सांगणे अवघड होते.

ही केवळ आम्हा म्हाताऱ्यांची समजूत आहे असे वाटू नये, म्हणून अमेरिकेतला एक दाखला देतो. बाल्टिमोर शहरात 'एक्सपिरियन्स कोअर' या उपक्रमात साठीपुढची माणसे प्राथमिक शाळांत आठवड्याला पंधरा तास मुलांना वाचनात मदत करीत. त्यांतल्या काहींच्या मेंदूची तपासणी संशोधकांनी दोन वर्षे केली व निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. आठवणीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग वयाबरोबर आक्रसत जातो. शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये तो किंचित वाढलेला आढळला. तपासलेली माणसे शंभराच्या आसपासच होती, तेव्हा फार मोठा सिद्धांत उभारू नये; पण बागेतल्या बाकाने असे काही केल्याचे ऐकिवात नाही!

यामागचे कारण मला साधे दिसते. छंदवर्गाला दांडी मारली तर कोणाचे काही अडत नाही. इथे मी आज वाचले नाही, तर उद्या एका मुलाचा धडा राहतो. आपल्या शिकण्यावर दुसऱ्याचे काही अवलंबून असले की, म्हातारी बुद्धीसुद्धा पदर खोचून कामाला लागते.

माझा विद्यार्थी पदवीधर झाला. बँकेच्या परीक्षेत पहिल्या खेपेला थोडक्यात हुकला. आता पुन्हा तयारी चालू आहे. यंदा त्याने गणित काढले आहे आणि आकृत्या पुष्कळ आहेत. सुतळीचे नवे बंडल मी आणून ठेवले आहे.

तुमच्या गावात अंधांची शाळा नसेल. पण रात्रशाळा असेल, ग्रंथालय असेल, रुग्णालय असेल. तिथे जाऊन 'मी काय शिकवू?' असे विचारू नका. 'माझ्यावाचून काय अडले आहे?' एवढेच विचारा आणि सोबत एक कोरी वही न्या. ती भरायला वेळ लागणार नाही.