जाड सेरिफाचे ठळक मुद्राक्षर आणि देवनागरी ग्रामनामे

रोमन अक्षराच्या दंडाच्या टोकास जी लहान आडवी रेघ असते तीस सेरिफ म्हणतात. ही रेघ जवळजवळ दंडाइतकी जाड व चौकोनी केली म्हणजे ‘स्लॅब सेरिफ’ अथवा ‘इजिप्शियन’ वळण सिद्ध होते. १८१० नंतरच्या दशकात लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स याने ते ‘अँटिक’ या नावाने प्रचारात आणले. तत्पूर्वीच्या जाहिरातींतील अक्षरांचे दंड अतिशय जाड आणि जोडरेघा केसासारख्या बारीक असत. दुरून पाहता बारीक भाग दिसेनासा होई. नव्या वळणाने दोहोंतील अंतर कमी केले. पुढे १८४५ साली रॉबर्ट बेस्ली याच्या फॅन स्ट्रीट ओतशाळेने ‘क्लॅरेंडन’ काढला. त्यात दंड व सेरिफ यांच्या सांध्यास गोलाई होती. शब्दकोशातील मूळ शब्द बारीक मजकुरात उठून दिसावा, या कामीही त्याचा उपयोग होऊ लागला.

देवनागरीत या गुणाचे स्थान कोणते? आपल्या अक्षरास सेरिफ नाही. परंतु शिरोरेषा आहे, आणि बोरूच्या कापामुळे आडवी रेघही मुळातच भरीव उमटते. म्हणजे स्लॅब सेरिफास जो भक्कमपणा बाहेरून जोडावा लागतो, तो देवनागरीच्या अंगचाच होय. अडचण आहे ती जागेची.

हिंगोली जिल्ह्यातील पाच तालुक्यांची नावेच कसोटीस घ्यावीत. ‘वसमत’ या नावात शिरोरेषेच्या वर काही नाही; ते निर्धास्तपणे जाड करता येते, मात्र ‘व’चे पोट व ‘म’ची गाठ बुजता कामा नये. ‘सेनगाव’ यास एकच मात्रा आहे. ‘हिंगोली’त प्रत्येक अक्षरावर चिन्ह आहे आणि पहिल्यावर वेलांटीशेजारी अनुस्वारही. ‘कळमनुरी’स वर वेलांटी व खाली उकार, अशी दोन्हीकडे जागा लागते. ‘औंढा नागनाथ’ यात दोन मात्रा व अनुस्वार एकाच कान्यावर येतात. पाचही नावांना सारखीच जाडी सरसकट दिली, तर ‘वसमत’ सुवाच्य राहील आणि ‘औंढा’ काळा ठिपका होईल.

यावरून असे दिसते की, ठळकपणा प्रथम काना व शिरोरेषा यांस द्यावा, मात्रा-वेलांट्या किंचित हलक्या ठेवाव्यात आणि दोन ओळींतील अंतर वाढवावे. संगणकावर ठळक साचा नसलेल्या अक्षरास ‘ठळक’ करण्याची आज्ञा दिली असता बाह्यरेषाच सर्वत्र सारखी फुगते. हा उपाय टाळावा. सोल मातास हिने ‘एन्रिकेता’ या रोमन स्लॅब वळणावरून योजिलेल्या ‘कडवा’ या देवनागरी मुद्राक्षरात साधा व ठळक असे दोन स्वतंत्र साचे आहेत. प्रबंधाचे मथळे, कोशातील नोंदी व गावांचे फलक यांसाठी असेच स्वतंत्र साचे निवडणे इष्ट. वाटसरूस गावाचे नाव एका दृष्टिक्षेपात वाचता यावे, हेच त्या जाडीचे प्रयोजन होय.