पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाही!

असेंबल केलेला पीसी रुसला, की पहिला फोन 'त्या' मित्राला जातो. पण तो मित्र नेमका ऑनसाइटला गेला असेल तर? टेन्शन नको. स्क्रू-ड्रायव्हर काढा, बाही वर सारा, बघू काय होतंय ते!

लॅमिंग्टन रोड नाहीतर तापकीर गल्लीतली चार दुकानं पालथी घातलीत, घासाघीस केलीत, रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघत बघत पीसी स्वतःच्या हातानं जोडलात. आठ महिने गाडी एकदम सुसाट. आणि मग एका सोमवारी, दहाला क्लायंटचा कॉल असताना, बटण दाबावं तर आतले रंगीत दिवे लागतात, पंखे गरगर फिरतात आणि मॉनिटर थंडपणे सांगतो, 'नो सिग्नल'. झालं कल्याण!

ब्रँडेड मशीन असतं तर टोल फ्री नंबर फिरवून मोकळे झाला असता. इथे कस्टमर केअर म्हणजे तुम्हीच. रॅमची वॉरंटी एका कंपनीकडे, मदरबोर्डची दुसरीकडे, एसएमपीएसची तिसरीकडे. नक्की गेलंय काय, हे तुम्हाला सांगता आलं नाही, तर तिघंही एकमेकांकडे बोट दाखवणार आणि तुम्ही मदरबोर्ड मांडीवर घेऊन भर उन्हात रिक्षातून फिरणार. शंभर रुपयांच्या केबलपायी अख्खा बोर्ड बदलून घेणारी मंडळी आहेत राव! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तेव्हा फंडा एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर चालू करून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी सुरू झाला, तर दोष कशात होता हे तुम्हाला कधीच कळणार नाही. महिन्याभरानं तो परत येईल तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी चावी, मग कुलूप

थांबा, स्क्रू-ड्रायव्हर अजून खाली ठेवा. विंडोज ११ वापरत असाल तर तुमच्या ड्राइव्हवर एन्क्रिप्शन सुरू असण्याची बरीच शक्यता आहे. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं नवीन इन्स्टॉल केलं की बहुतेक पीसींवर ते आपोआप चालू होतं. मग तुम्ही बायोस अपडेट केलंत किंवा मदरबोर्ड बदललात, की पुढच्या वेळी स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर ड्राइव्ह ठणठणीत, पण आतले लग्नाचे फोटो, टॅक्सचे कागद, अर्धवट प्रेझेंटेशन, सगळं कुलूपबंद. ही की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. मोबाइलवरून लॉग इन करा आणि ती कागदावर उतरवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, नंतर करू म्हणू नका.

डिस्प्ले नाही म्हणजे नक्की काय नाही?

पंखे फिरतात याचा अर्थ एवढाच, की एसएमपीएस थोडीफार वीज देतोय. बाकी काहीच सिद्ध होत नाही. बऱ्याचदा काखेत कळसा आणि गावाला वळसा असा प्रकार निघतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डऐवजी मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावलेली असते. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे त्या पोर्टमधून जन्मात चित्र येणार नाही. दुसरी संशयित म्हणजे प्रोसेसरची वेगळी पॉवर केबल. ती मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात लागते, बहुतेक वेळा आठ पिनांची. ती सैल असली तर पंखे मजेत फिरतात, पण प्रोसेसर उपाशी!

आता मदरबोर्डकडे नीट बघा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर एका कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. सुरू होताना बोर्ड एकेक भाग तपासत पुढे जातो आणि जिथे अडतो तिथला दिवा लागलेलाच राहतो. फुकटात मिळालेलं निदान!

डीरॅमचा दिवा अडलाय? मेन स्विच बंद करा, रॅम काढा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून परत बसवा. चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. तरी नाही? मग एकच स्टिक ठेवा, आलटून पालटून. कोकणात, मुंबईत, जिथे पावसाळा चार महिने भिंतीतून घरात शिरतो, तिथे रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो. त्यावर शाळेतलं खोडरबर हलक्या हातानं फिरवणं हा रिपेअरवाल्यांचा जुना उपाय आहे. चालतो, पण पट्टीवरचा मुलामा पातळ असतो, त्यामुळे दर महिन्याचा उद्योग करू नका. आणि रबराचा भुगा ब्रशनं झटका, नाहीतर तोच स्लॉटमध्ये जाऊन बसायचा.

एक वेगळा किस्साही होतो. डीडीआर५ रॅमचा नवा पीसी पहिल्यांदा सुरू केला किंवा बायोस रीसेट केलं, की बोर्ड रॅमचं 'ट्रेनिंग' करतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी, कधी कधी चक्क काही मिनिटं. लोक घाबरून मध्येच बटण बंद करतात आणि तो बिचारा परत शून्यापासून सुरू करतो. अशा वेळी चहा टाका. पिऊन होईपर्यंत काही झालं नाही, तरच पुढची काळजी.

एवढं करूनही डिस्प्ले नसेल तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस जोडा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. बाहेर चालतो आणि आत चालत नाही? मग बोर्डखाली कुठेतरी पितळी स्टँडऑफ चुकीच्या जागी आहे किंवा निसटलेला स्क्रू शॉर्ट करतोय.

चालता चालता बंद!

हा प्रकार जास्त वैताग देतो, कारण दुकानात नेलं की पीसी हटकून शहाण्यासारखा वागतो. बंद पडण्याची तऱ्हा बघा. आधी हळू होतो, पंखे विमानासारखे ओरडतात आणि मग बंद, तर संशय उष्णतेवर. एचडब्ल्यूइन्फोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. साधं ब्राउझिंग करताना प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे असेल, तर कूलर नीट टेकलेला नाही. त्याच्या तळाची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच राहिलेले पीसी आजही सापडतात!

गेम ऐन रंगात असताना काहीही न सांगता खट्कन बंद, तर संशय विजेवर. इथे आपल्याकडचा खास व्हिलन म्हणजे टेबलाखालचा छोटा यूपीएस. ६०० व्हीए वाचून आपण खूश होतो, पण त्यातले अनेक ३६० वॉटच देतात. दणकट ग्राफिक्स कार्डचा पीसी क्षणभर त्याहून जास्त मागतो आणि यूपीएस मान टाकतो. थोडा वेळ पीसी थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावून बघा, एसएमपीएस नाहक बदलण्याआधी. आणि एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही! आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देण्याइतका चार्ज धरून ठेवतात.

कधी कधी दोष तुमच्या जोडणीत नसतोच. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर असेच विनाकारण क्रॅश व्हायचे. गेम म्हणायचा ग्राफिक्सची मेमरी संपली, म्हणून लोक ग्राफिक्स कार्डच्या मागे लागले. २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. बायोस अपडेटमधून दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. मात्र आधीच बिघडलेली चिप अपडेटनं बरी होत नाही. हा प्रोसेसर असेल आणि त्रास होत असेल, तर वॉरंटीचे कागद शोधाच.

निळी स्क्रीन, प्रत्येक वेळी वेगळा एरर? पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस टाका आणि रात्रभर चालू ठेवा. एक जरी एरर आला तरी आधी रॅमचा वाढवलेला वेग बायोसमधून मूळ सेटिंगवर आणून परत टेस्ट करा. हार्ड डिस्क टकटक करत असेल तर मात्र कसल्या टेस्ट करत बसू नका. बंद करा, डेटा परत मिळवणाऱ्याकडे न्या.

झिणझिण्या येतात?

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, आणि आपण म्हणतो, 'असंच असतं.' नाही! एसएमपीएसमधला फिल्टर थोडासा करंट कॅबिनेटच्या पत्र्याकडे सोडतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. भाड्याच्या घरात सॉकेटचं तिसरं भोक अनेकदा नुसतं शोभेचं असतं, नाहीतर आपणच तीन पिनांना दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला असतो. मग तो करंट तुमच्यातून जातो. एरवी नुसती झिणझिण, पण आत काही शॉर्ट झालं तर अख्खा पत्रा जिवंत. घरमालक कुरकुर करेल, करू दे. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. पीसीचा बाकी कुठलाही बिघाड पुढच्या आठवड्यावर ढकलता येतो, हा नाही.

आणि शेवटी बोर्ड द्यायचाच झाला, तर सीरियल नंबरचा आणि सॉकेटमधल्या पिनांचा फोटो काढून ठेवा. इंटेल आणि एएमडीच्या एएम५ बोर्डांवर या नाजूक पिना बोर्डमध्येच असतात, आणि वाकलेली पिन दिसली की वॉरंटीचा विषय बहुधा तिथेच संपतो. नवीन बोर्डवरून काढून फेकावंसं वाटलेलं ते काळं झाकण आठवतंय? ते लावूनच द्या.