खाडा : परगावचं जेवण आणि एकटेपणा

आजचा विषय जेवणाचा आहे आणि खालच्या उपाहारगृहातून भज्यांचा वास वर यायला लागलेला आहे, त्यामुळे वेळेत आटपायचं आमच्यावर बंधन आहे.

आधी हे 'आम्ही' कोण ते सांगून टाकतो. आम्ही तिघं सहकारी. बँकांच्या शाखांची तपासणी करणं हे आमचं काम. वर्षातले चार-पाच महिने परगावी जातात, हे गेली वीसेक वर्षं चालू आहे. बोलायला एकच जण उभा असला तरी सांगतो आहोत ते तिघांचं आहे. या मालिकेत नेहमी विषयातले जाणकार बोलतात. आम्ही फक्त पुष्कळ ठिकाणी जेवलेली माणसं आहोत.

फिरतीच्या नोकरीचं लोकांना पहिलं कौतुक असतं ते खाण्याचं. "मजा आहे बुवा तुमची, आज कोल्हापूर, उद्या नागपूर!" ते काही खोटं नाही. पांढरा रस्सा कोल्हापुरात बसूनच प्यावा. सावजीचा तिखटपणा नागपूरच्या एखाद्या साध्या खानावळीत कळतो तसा पुण्या-मुंबईच्या 'सावजी स्पेशल'मध्ये कळत नाही. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी तर आम्ही पिशव्या भरभरून घरी आणलेली आहे. खानदेशात भरीत आणि कळण्याची भाकरी. पण आमचं मुख्य काम असतं मार्च-एप्रिलात, आणि भरिताच्या वांग्यांचा हंगाम थंडीतला. म्हणजे सगळं जग जळगावच्या भरिताबद्दल बोलतं आणि आम्ही तिथे पोचतो तेव्हा ताटात दोडका.

हे झालं दिवसाचं आणि चारचौघांतलं. अवघड वेळ असते रात्री आठ-साडेआठची. दिवसभर कागद असतात, शाखेतली माणसं असतात, चहा येत असतो. सहा वाजता शटर खाली येतं, माणसं आपापल्या घरी जातात आणि तुम्ही लॉजच्या खोलीत. मग जेवायला बाहेर पडायचं. हॉटेलात शिरल्यावर वेटर विचारतो, "एकटेच का?" त्याला फक्त टेबल कुठलं द्यायचं ते ठरवायचं असतं. एकट्या माणसाला बहुतेक वेळा हात धुण्याच्या बेसिनजवळचं टेबल मिळतं. ताट येतं, उत्तम असतं, दहा मिनिटांत संपतं. पुढे झोपेपर्यंत तीन तास उरतात.

आमचा एक चौथा सहकारी आहे. त्याची परवानगी घेऊनच हे सांगतो आहोत. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात तो पाच आठवडे इंदूरला एकटा होता. इंदूरचा सराफा तुम्हाला माहीत असेल. दिवसा सोन्या-चांदीची पेढी आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या. भुट्ट्याचा कीस, थंडीतला तळलेला गराडू, दहीवडे, हातभर जिलबी. तो रोज रात्री आमच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. रोज नवा पदार्थ. आणि आम्ही रोज अंगठे पाठवायचो, 'आमच्यासाठी पण आण' असं लिहायचो. तो परत आला तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. सहा किलो वजन उतरलं होतं. बऱ्याच दिवसांनी त्यानं सांगितलं, की दुसऱ्या आठवड्यापासून तो दोन घास खायचा, फोटो काढायचा आणि बाकीचं टाकून खोलीवर जायचा. घशाखाली उतरत नव्हतं. फोटो का काढत होतास, असं विचारलं तर म्हणाला, "त्याला तुम्ही उत्तर तरी देत होतात."

पस्तीस दिवस आम्ही त्याची प्लेट पाहिली, आणि आमच्यापैकी एकानंही त्याला फोन केला नाही. आजचं हे बोलणं तिथून सुरू झालं आहे.

आता चव आवडते, पदार्थ उत्तम आहे, मग माणूस जेवत का नाही? इथे एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. 2020 साली 'नेचर न्यूरोसायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या लिव्हिया तोमोव्हा, रिबेका सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस निरोगी माणसं घेतली. एका दिवशी त्यांना दहा तास उपाशी ठेवलं. दुसऱ्या एका दिवशी खायला होतं, पण दहा तास माणूस नाही, फोनवरच्या गप्पाही नाहीत. दोन्ही दिवशी शेवटी मेंदूच्या स्कॅनरमध्ये घालून चित्रं दाखवली : आवडीचं खाणं, एकत्र हसणारी-बोलणारी माणसं, आणि तुलनेसाठी फुलं. उपाशी माणसाच्या मध्यमेंदूतला जो भाग खाण्याचं चित्र पाहून जागा झाला, तोच भाग एकट्या ठेवलेल्या माणसात माणसांचं चित्र पाहून तसाच जागा झाला. म्हणजे 'माणसांची भूक' असं आपण जे सहज म्हणतो ते निव्वळ अलंकारिक नाही. आता हा प्रयोग दहा तासांचा होता, पाच आठवड्यांचा नव्हे. त्यातून इंदूरचं सगळं कोडं सुटतं असा आमचा दावा नाही. पण एक गोष्ट आम्हाला उमगली. या दोन वेगळ्या भुका आहेत, आणि एकीचं अन्न दुसरीला चालत नाही. परगावी त्या दोन्ही नेमक्या एकाच वेळी लागतात, रात्री आठला. आपण पहिलीचं बिल भरतो आणि दुसरी का गेली नाही म्हणून चकित होतो.

त्यात वासाची भर. बाकीच्या इंद्रियांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या एका ठाण्यावर थांबतात. वासाचा संदेश तिथे न थांबता थेट भावना आणि आठवणींशी जोडलेल्या भागांकडे जातो. म्हणून लॉजच्या मागच्या घरातून मोहरी-हिंगाची फोडणी आली की माणूस हातातलं काम सोडून बसून राहतो.

ही दुसरी भूक आपल्याकडे फार पूर्वी कुणीतरी सांभाळलेली होती, आणि तिच्यासाठी एक शब्दही होता. त्यासाठी गिरणगावात जावं लागेल.

मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये काढली; 1856 मध्ये ताडदेवला गिरणी चालू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा गिरण्यांनी भरून गेलं. कामगार आले ते मोठ्या संख्येनं रत्नागिरी जिल्ह्यातून, तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता, आणि घाटावरून, सातारा-पुण्याकडून. बहुतेक पुरुष एकटे. बायको-मुलं गावी, शेती गावी, महिन्याला मनीऑर्डर गावी. चाळीतल्या एका खोलीत गावातली दहा-पंधरा माणसं, कोण दिवसपाळीला, कोण रातपाळीला. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची उलगडायची. यांना जेवू घालणाऱ्या खानावळी चालवल्या त्या बायकांनी, बऱ्याचदा गिरणी कामगारांच्याच बायकांनी किंवा विधवांनी, आपल्या त्याच दहा बाय बाराच्या खोलीत. कोकणातल्या बाईकडे कोकणातली माणसं जेवायची, घाटावरच्या बाईकडे घाटावरची. कोकणातल्याला भात आणि माशांचं कालवण हवं, साताऱ्याकडच्याला भाकरी हवी.

पगार महिना भरल्यावर, तोही काही दिवस उशिरानं मिळायचा. त्यामुळे सगळं जेवण उधारीचं. उधारी म्हटली की वही आली. आणि वही आली की 'खाडा' आला. मेसमध्ये जेवलेल्या मंडळींना हा शब्द सांगायला नको. ज्या दिवशी जेवायला येणार नाही तो दिवस आधी सांगायचा, म्हणजे त्याचे पैसे कापले जातात. तो खाडा. हिशेबाचा साधा शब्द आहे. पण त्याचा अर्थ असा, की तुम्ही न येण्याची कुठेतरी नोंद होते आहे. मुंबईसारख्या शहरात, जिथे माणूस दोन दिवस दिसला नाही तरी कुणाच्या ध्यानात येत नाही, तिथे एका बाईच्या वहीत तुमच्या नावापुढे रोज काहीतरी लिहिलं जातं आहे.

हे सगळं गोड होतं असं चित्र आम्हाला उभं करायचं नाही. जी खानावळ तुमची नोंद ठेवते ती तुमच्यावर नजरही ठेवते. कोण दारू पिऊन आला, कोण पगार उडवून बसला, ही बातमीही पुढच्या माणसाबरोबर गावाला जायची. आणि त्या बाईचं काय? पहाटेपासून रात्रीपर्यंत चूल, आणि धान्य वाण्याकडून जबर व्याजाच्या उधारीवर. कामगारांच्या पोटाची काळजी तिनं घेतली. तिच्या कर्जाची काळजी करायला 1975 साल उजाडलं, जेव्हा प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आम्ही बँकांत फिरणारी माणसं, तरी ही गोष्ट आम्हाला पंधरा वर्षं माहीत नव्हती, याची आम्हाला थोडी लाजच वाटते.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. महिने लोटले तशी एकटी माणसं गावाकडे परतली, आणि खानावळीची जेवणारी माणसंच गेली. गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही.

खाड्याचा अनुभव आम्हाला स्वतःला आला तो बऱ्याच वर्षांपूर्वी, खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी. वीस दिवसांचं काम होतं. शाखेतल्या शिपाईकाकांनी एका मावशींकडे जेवणाची सोय लावून दिली. घराच्या पडवीत चार पाट, वर पंखा, रोज पोळी, भाजी, वरण, भात. खरं सांगायचं तर जेवण बेताचंच होतं, वरणात मीठ कमी. नवव्या-दहाव्या दिवशी आमच्यातले दोघं दुसऱ्या शाखेला मुक्कामी गेले. मागे राहिलेला तिसरा तापानं फणफणून लॉजवर पडला. दुपारी जेवायला गेला नाही, रात्रीही नाही. फोन तेव्हा लॉजच्या गल्ल्यावर एक. रात्री साडेनऊला दारावर थाप पडली. मावशींचा मुलगा, हातात स्टीलचा डबा. म्हणाला, "आई म्हणते, खाडा सांगितला नाही, मग माणूस गेला कुठं?"

डब्यात मऊ भात होता. मुलगा ताप बघून परत गेला आणि शिपाईकाकांना घेऊन आला. रात्रीच डॉक्टर. मलेरिया निघाला. त्या मावशींना आमचं आडनावसुद्धा नीट माहीत नव्हतं. वहीत 'बँकवाले 3' एवढंच लिहिलेलं होतं.

आता इंदूरची गोष्ट याच्याशेजारी ठेवून बघा. त्याच्याकडे निवड किती होती! रोज वेगळा गाडा, रोज वेगळी चव. कंटाळा आला तर फोनवर मागवा, मुलगा दारात पिशवी देऊन जातो. पण पस्तीस ठिकाणी एकेकदा जेवणाऱ्या माणसाचा खाडा कोण धरणार? छत्तिसाव्या दिवशी तो आला नाही तर कुणाचं काय अडतं? तेव्हापासून आमचं एक मत झालं आहे, थोडं हट्टी म्हणा हवं तर. खाद्यभ्रमंतीचे जे कार्यक्रम आणि याद्या असतात, 'या गावी गेलात तर या दहा जागा चुकवू नका', त्या दोन दिवसांच्या पाहुण्यासाठी ठीक आहेत. कामासाठी महिनाभर राहणाऱ्यानं त्या याद्या चुकवाव्यात. पहिल्या दोन दिवसांत एक जागा धरा, बेताची असली तरी चालेल, आणि तिथेच रोज एकाच वेळेला जा. चौथ्या दिवशी वेटर "एकटेच का?" विचारत नाही. आठवड्यानं तो म्हणतो, "काल दिसला नाहीत." सराफ्यात जायचं ते रविवारी, आणि शाखेतल्या कुणाला तरी बरोबर घेऊन.

आमच्या ग्रुपवरही एक बदल केला. परगावी असलेल्याला रात्री नऊला फोन करायचा, पाळीपाळीनं. 'काय जेवलास' विचारलं की पदार्थाचं नाव कळतं आणि बोलणं तिथेच संपतं, म्हणून विचारायचं 'कुणाबरोबर जेवलास'. पहिले काही दिवस हे फार अवघडल्यासारखं होतं. एकानं तर "तू माझी बायको आहेस का?" असं विचारलं. (हशा)

थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : हे सगळं पुरुषांचं झालं. बाईनं रात्री आठला परगावी खानावळीत एकटीनं जाऊन रोज बसायचं, हे छोट्या गावात सोपं नाही. आमच्यासाठी काय?

बरोबर आहे. आमच्या तिघांमधली एक बाई आहे, ती तिथे दुसऱ्या रांगेत बसली आहे, आणि तिनं हे आम्हाला आधीच ऐकवलेलं आहे. तिची पहिली दहा वर्षं पडद्यामागच्या 'फॅमिली रूम'मध्ये किंवा खोलीवर मागवलेल्या थाळीत गेली. मग मराठवाड्यातल्या एका गावी तिनं शाखेत झाडलोट करणाऱ्या ताईंना विचारलं, पैसे देते, रात्रीचा डबा द्याल का? दोन दिवस डबा आला. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, डबा धुवायचा, भरायचा, पोचवायचा, त्यापेक्षा तुम्हीच या की घरी. पुढचे सोळा दिवस ती त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या सासूबाईंच्या शेजारी बसून जेवली. पैसे रोज ठरल्याप्रमाणे दिले आणि त्यांनी ते मोजून घेतले. शेवटच्या दिवशी हिशेब करताना ताईंनी एका रविवारचे पैसे परत केले. ती विसरली होती, त्या दिवशी ती घरी जाऊन आली होती.