जेवण सारखंच, मग रक्तातली चरबी कमी-जास्त का? वाचा सविस्तर

कीटो डाएटवर मित्राचा लिपिड प्रोफाइल रिपोर्ट छान आला, म्हणून तुमचाही तसाच येईल? खात्री नाही. ब्रिटनमधल्या ‘प्रेडिक्ट १’ अभ्यासात १,००२ जणांना, त्यात अनेक जुळी भावंडं, सारखंच जेवण दिलं. तरी ट्रायग्लिसराइड्स कुणाचे थोडेच वाढले, कुणाचे भरपूर. जनुकांमुळे? या फरकात त्यांचा वाटा जेमतेम ०.८ टक्के निघाला. आतड्यातल्या जिवाणूंचा ७.१ टक्के! (निष्कर्ष २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले.)

गोची अशी की, आपल्याकडे ही तपासणी बहुतेकदा उपाशीपोटी होते. जेवणानंतरची उसळी त्यात दिसतच नाही. कीटो करायचंच असेल, तर आधी आणि काही आठवड्यांनी एलडीएल तपासा. वजन उतरत असतानाही काहींचं ते झपाट्याने वाढतं.