बॅकअप आहे, पण तो रिस्टोअर होतो का?

३१ जानेवारी २०१७. गिटलॅबच्या एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअपच्या सोयी अनेक होत्या. पण पोस्टग्रेसच्या आवृत्त्या जुळत नसल्याने रोजचा बॅकअप होतच नव्हता आणि तसं कळवणाऱ्या ईमेलही पोचत नव्हत्या. शेवटी सुमारे ६ तास जुनी एक प्रत कामी आली. मधल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

म्हणून बॅकअप घेऊन थांबू नका. अधूनमधून तो नव्या, रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करून पाहा. चालू डेटाबेसवरच केलात आणि बॅकअप सदोष निघाला, तर हातचंही जाईल. मग टेबलं आणि नोंदींची संख्या मूळ डेटाबेसशी ताडून घ्या. सर्वांत ताजी नोंद कधीची आहे तेही बघा. शिवाय रिस्टोअरला किती वेळ लागला, तो लिहून ठेवा. खऱ्या संकटात पहिला प्रश्न तोच येतो.